सोनखत ते विमानाचे इंधन

घरातल्या कचऱ्यावर उद्या विमान उडेल, असे कुणी म्हटले तर आपण हसून सोडून देऊ. पण तसे प्रयत्न सुरू झाले आहेत. आणि त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न १९३२ साली आपल्या रत्नागिरीच्या तुरुंगात उभा राहिला होता: घाणीला हात कुणी लावायचा?

सत्याग्रही अप्पासाहेब पटवर्धनांनी तुरुंगात मैला सफाईचे काम मागितले. जातीकडे बोट दाखवून ते नाकारले गेले, तेव्हा अप्पांनी उपोषणाचा मार्ग धरला. ३ डिसेंबरला त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपोषण सुरू केले. आश्वासन मिळाल्यावरच ते सुटले. पुढे १९४८ मध्ये कणकवलीत (ती तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होती) अप्पांनी गोपुरी आश्रम काढला. मैला डोक्यावरून वाहावा न लागता त्याचे सोनखत व्हावे, असे संडास तिथे तयार झाले. त्याच वाटेने देहूचे डॉ. सुहास मापुसकर मैल्यापासून गॅस करण्यापर्यंत पोहोचले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता विमानाचे पाहू. फिशर आणि ट्रॉप्श या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात कोळशाचा वायू करून त्यापासून द्रवइंधन बनवले. कागद, कापड, लाकूड अशा सुक्या कचऱ्यालाही तीच रीत लागू पडते. शिवाय तळणीच्या उरलेल्या तेलापासूनही विमानाचे इंधन होते. त्यासाठीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र इंडियन ऑइलच्या पानिपत कारखान्याला ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाले. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत २०२७ पासून असे इंधन १ टक्का आणि २०३० पर्यंत ५ टक्के मिसळावे, असे भारताचे उद्दिष्ट आहे.

पण हे सोपे नाही. घरगुती कचऱ्यापासून असे इंधन करू पाहणारी अमेरिकेतली फल्क्रम कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. कचरा एकजिनसी नसतो, ही या धंद्याची मोठी अडचण. माशांची खवले, आंब्याचे बाठे, नारळाची सोडणे आणि फुटकी बाटली एकाच पिशवीत गेली, तर बरीच उष्णता ओल वाळवण्यातच जाते. काच तर जळतच नाही.

म्हणून पहिले यंत्र म्हणजे आपल्या मोरीजवळचे दोन डबे. घंटागाडी येण्यापूर्वी ओले-सुके आपण वेगळे केले नाही, तर ते काम कचरा वेचणाऱ्या कुणाच्या तरी उघड्या हातांवर पडते. अप्पांनी तुरुंगात मागून घेतलेले काम आपण घरात तरी टाळू नये.