खेळणाऱ्याची वाट आणि घडवणाऱ्याचे नाव



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी श्रोत्यांची अटकळ असते. त्यामुळे आजचा विषय वाचून काही मंडळींना हसू आले असेल. पोरांच्या व्हिडिओ गेमचा इतिहास हा काय व्याख्यानाचा विषय झाला?

माझे उत्तर साधे आहे. ज्या वस्तूवर कोट्यवधी माणसे आपला फावला वेळ खर्च करतात, ती वस्तू इतिहासाच्या बाहेर राहू शकत नाही. आणि फावला वेळ ही तरी आयती मिळालेली चीज आहे काय? मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 साली, आणि तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून सभा, अर्ज आणि सह्या यांचा पिच्छा पुरवला तेव्हा. सुट्टी ही झगडून मिळवलेली मिळकत आहे. म्हणून माणूस सुट्टीत कशाशी खेळतो आणि ते खेळणे कोणाच्या हातांनी घडते, हे दोन्ही प्रश्न आमच्या चळवळीच्या कक्षेतलेच आहेत.

तेव्हा आपण एका खेळणाऱ्याला वाटेला लावू आणि त्याच्या मागोमाग चालू. त्याचे लक्ष खजिन्याकडे राहील. आपण मात्र ठिकठिकाणी थांबून विचारू, की ही वाट बांधली कोणी?

पहिला मुक्काम गुहेचा आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची गुहांची प्रचंड मालिका आहे. विल क्राउथर नावाचे गृहस्थ व्यवसायाने संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे आणि छंदाने गुहा धुंडाळणारे. त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया या 1972 साली फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहामालिका आतून एकच आहेत हे शोधून काढणाऱ्या तुकडीत होत्या. पुढे हे दांपत्य विभक्त झाले. वडिलांपासून दुरावलेल्या दोन लहान मुलींना रमवावे म्हणून क्राउथर यांनी 1975-76 च्या सुमारास आपल्या ओळखीची ती गुहा संगणकात उतरवली. त्या खेळात चित्र एकही नव्हते. खोलीचे वर्णन अक्षरांत उमटायचे आणि खेळणाऱ्याने 'उत्तरेस जा', 'दिवा घे' अशा दोन शब्दांच्या आज्ञा टाइप करायच्या. 1977 साली स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी लेखकाची परवानगी मिळवून खेळ वाढवला. तो निर्दोष पुरा करणाऱ्यास 350 गुण मिळत. या खेळाचे नावच 'ॲडव्हेंचर', म्हणजे साहस. त्या सबंध प्रकाराला पुढे तेच नाव पडले.

या मुक्कामावर धनी नाही, विक्री नाही, किंमत नाही. एका बापाने मुलींसाठी केलेली वस्तू एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फुकट फिरली. आरंभ असा निर्मळ होता हे लक्षात ठेवा.

दुसरा मुक्काम किल्ल्याचा. 1972 साली स्थापन झालेली अटारी ही कंपनी 1976 मध्ये वॉर्नर या बड्या उद्योगाने 2 कोटी 80 लाख डॉलरना विकत घेतली. 1977 मध्ये अटारीने घरच्या टीव्हीला जोडायचे खेळयंत्र बाजारात आणले. त्याच्या खाचेत खेळाची कॅसेट बसवायची. या यंत्राची कामचलाऊ स्मृती किती होती म्हणाल? 128 बाइट, म्हणजे इंग्रजी दीड-दोन ओळींत मावतील एवढी अक्षरे. कॅसेटची मर्यादा 4096 बाइट. एवढ्याशा जागेत तो गुहेचा खेळ बसवण्याची कल्पना वॉरन रॉबिनेट नावाच्या तरुण कामगाराला सुचली. मी त्याला कामगार म्हणतो, कारण तो पगारी नोकर होता. वरिष्ठ म्हणाले, हे व्हायचे नाही. त्याने ते करून दाखवले.

त्याच्या 'ॲडव्हेंचर'मध्ये तीस खोल्या, तीन किल्ले, तीन ड्रॅगन आणि हातातली वस्तू पळवणारे एक वटवाघूळ आहे. हरवलेला चषक शोधून सोनेरी किल्ल्यात आणायचा. नायक म्हणजे नुसता एक चौकोनी ठिपका! ड्रॅगनने गिळले तर तो चौकोन त्याच्या पोटात दिसतो. तरीही त्या चौकोनाच्या जागी स्वतःला पाहून मुलांचा श्वास अडकत असे. चित्रपटांप्रमाणे येथे दुसऱ्याचे साहस पाहायचे नव्हते; खोली स्वतः ओलांडायची होती.

त्या काळी अटारीत एक खेळ बहुधा एकच माणूस संपूर्ण तयार करी: कल्पना त्याची, चित्रे त्याची, आवाज त्याचे, आज्ञावलीही त्याचीच. पण खोक्यावर नाव फक्त कंपनीचे. रॉबिनेट यांचा पगार वर्षाला सुमारे 22 हजार डॉलर होता. खेळाच्या दहा लाखांवर प्रती खपल्या, पण त्या खपातला एक सेंटही त्यांच्या वाट्याचा नव्हता. तेव्हा या गड्याने काय केले? काळ्या किल्ल्याच्या चक्रव्यूहातील एका बंद कोठडीत त्याने राखाडी रंगाचा एक बारीक ठिपका ठेवला. तो पार्श्वभूमीच्या रंगाचाच, म्हणून दिसायचा नाही. तो उचलून, इतर वस्तूंच्या जोडीने, ठराविक खोलीत नेला म्हणजे तिथली भिंत पार करता येते. पलीकडच्या दालनात काय आहे? हा खेळ वॉरन रॉबिनेटने घडवला, एवढीच उभी अक्षरे.

हे त्याने कोणालाही सांगितले नाही. 1979 मध्ये त्याने नोकरी सोडली आणि खेळ बाजारात आला 1980 मध्ये. पुढे एका मुलाने ते दालन शोधले आणि कंपनीला पत्र लिहिले, तेव्हा धन्याला कळले की आपल्याच मालावर नोकराची सही आहे. ती खोडायची तर मूळ साचाच बदलावा लागणार, म्हणून ती राहिली. अशा लपवलेल्या गमतीला 'ईस्टरचे अंडे' म्हणण्याची प्रथा येथून पडली. असे नाव लपवणारा तो पहिला नव्हता. पण गाजला तो हाच. वेरूळच्या मूर्तींखाली पाथरवटाची सही नसते, हे आपण कौतुकाने सांगतो. त्या पाथरवटाला कोणी विचारले होते काय, हा प्रश्न मात्र आपण विचारत नाही.

आता वाटेतला मोठा प्रसंग. त्याच अटारीत डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅपलन असे चौघे होते. कोणता खेळ किती खपला याचा एक तक्ता कंपनीने फिरवला. कंपनीचा हेतू एवढाच, की खपतात तसले खेळ करा. चौघांनी तो तक्ता घेऊन हिशोब मांडला. वर्षाच्या सुमारे दहा कोटी डॉलरच्या कॅसेटविक्रीपैकी जवळजवळ साठ टक्के विक्री आपल्या चौघांच्या खेळांची आहे, असे त्यांना आढळले. मित्रहो, धन्याचा ताळेबंद कामगाराच्या हाती पडला म्हणजे इतिहास पुढे सरकतो, हा आमच्या चळवळीतला नित्याचा अनुभव आहे! ते चौघे अध्यक्ष रे कॅसार यांच्याकडे गेले. खोक्यावर नाव आणि विक्रीत थोडा वाटा, एवढीच मागणी. क्रेन यांनी पुढे सांगितले आहे की साहेबांचे उत्तर असे होते: जुळणीच्या पट्ट्यावर कॅसेट जोडणाऱ्या माणसापेक्षा तुमचे महत्त्व अधिक नाही.

चौघे बाहेर पडले आणि 1979 मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी निघाली. अटारीने दावा ठोकला, 1982 मध्ये तडजोड झाली आणि दुसऱ्याच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे खेळ बनवण्याचा धंदा रूढ झाला. ॲक्टिव्हिजनच्या खेळावर कर्त्याचे नाव असे. ही कथा विजयाची म्हणून सर्वत्र सांगितली जाते आणि ती तशी आहेही.

परंतु मला येथे थोडे थांबायचे आहे. साहेबांच्या त्या एका वाक्यात दोन माणसांचा अपमान होता. पहिला चौघा कारागिरांचा, तो त्यांनी ऐकला. दुसरा पट्ट्यावरच्या जुळणी कामगाराचा. त्याच्याशी बरोबरी ही जणू शिवीच, असे साहेबांनी मानले आणि ऐकणाऱ्यांनीही मानले. त्या कामगाराचे काय झाले? फेब्रुवारी 1983 मध्ये अटारीने कॅलिफोर्नियातील सुमारे 1,700 जणांना कमी करून जुळणीचे काम हाँगकाँग आणि तैवान येथे हलवले. कारागिराला नवी कंपनी काढता आली. पट्ट्यावरच्या बाईला आणि बाप्याला ती कुठून काढता येणार? त्याच वर्षी अमेरिकेतील खेळांचा बाजार कोसळला. निकृष्ट मालाचा पूर आला होता, दुकानांत ढीग पडले होते आणि सप्टेंबरमध्ये न विकलेल्या कॅसेटचे ट्रक न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्दो गावाच्या कचराभूमीत रिते झाले. 2014 साली ती जमीन उकरली तेव्हा कॅसेट सापडल्या. माल पुरला त्याची जागा जगाला ठाऊक आहे; तो जोडणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

पण आपला खेळणारा पुढे निघाला आहे. तिसरा मुक्काम जंगलाचा. क्रेन यांचा 'पिटफॉल' 1982 साली आला. दोरीला लोंबकळत डबके ओलांडायचे, मगरींच्या डोक्यांवर पाय देत पलीकडे जायचे, वीस मिनिटांत 32 खजिने गोळा करायचे आणि जवळ जीव अवघे तीन. जंगलाचे 255 पडदे आहेत, पण त्यांची चित्रे कोठे साठवलेली नाहीत. एका आकड्यापासून पुढचा आकडा काढणारे लहानसे गणित त्यांनी बसवले आणि त्यातून सारे जंगल उगवते. खेळाचा आराखडा दहा मिनिटांत सुचला, आणि तो उतरवायला सुमारे हजार तास लागले, असे क्रेन सांगतात. प्रतिभा दहा मिनिटांची आणि मजुरी हजार तासांची, हे प्रमाण तरुण श्रोत्यांनी वहीत टिपून ठेवावे.

चौथा मुक्काम जपानचा. निन्टेन्डो कंपनीचा एक खेळ अमेरिकेत पडला. तीन हजारांपैकी दोन हजार यंत्रे गोदामात पडून राहिली. त्यांत नवा खेळ बसवण्याचे काम शिगेरू मियामोतो या तरुणावर आले, आणि 1981 मध्ये 'डाँकी काँग' निघाला. अर्धवट बांधकामाचे तिरके लोखंडी तुळवे, शिड्या, वरून गडगडत येणारी पिंपे, आणि उड्या मारीत वर चढणारा नायक कोण? राजपुत्र नव्हे, एक सुतार! पुढे 1983 मध्ये तोच नळकाम करणारा झाला. जगातल्या सर्वांत गाजलेल्या खेळांचा नायक हातात हत्यार घेऊन काम करणारा माणूस आहे, याचा मला आनंद वाटतो. पण त्याचे 'मारिओ' हे नाव आले ते कोणावरून? कंपनीच्या अमेरिकेतील गोदामाचे घरमालक मारिओ सेगाले यांच्यावरून. खेळात नाव उमटले ते भाडे घेणाऱ्याचे! प्रत्यक्ष आज्ञावली इकेगामी त्सुशिन्की या दुसऱ्याच कंपनीच्या अभियंत्यांनी लिहिली होती. ती कोणाच्या मालकीची यावरून 1983 मध्ये दावा झाला आणि 1990 मध्ये तडजोड झाली. त्या अभियंत्यांनी आज्ञावलीच्या पोटात आपल्या कंपनीचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवला होता. पुन्हा तेच गुप्त दालन!

1985 मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. आठ जगे, प्रत्येकात चार लेव्हल, मिळून बत्तीस, आणि सारे 40 किलोबाइटमध्ये. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांची आकृती एकच ठेवली, फक्त रंग बदलला. पण त्याचे खरे मोठेपण शिकवण्यात आहे. पहिल्या लेव्हलमध्ये समोरासमोरच्या दोन पायऱ्यांमध्ये आधी जमीन ठेवली आहे. तेथे पडलात तरी मरत नाही. मग तसल्याच दोन पायऱ्यांमध्ये खड्डा. शब्दाने काही न सांगता खेळणारा उडी शिकतो. साक्षरतेच्या रात्रशाळा चालवणाऱ्यांनी हा धडा अवश्य पाहावा. मात्र त्या खेळाच्या शेवटी कर्त्यांची नावे नाहीत. 1986 च्या 'झेल्डा'मध्ये नावे आहेत, पण बरीचशी टोपणनावे. मियामोतो तेथे 'मियाहोन' आहेत. जपानी कंपन्यांत तेव्हा ही रीत होती, कारण खरी नावे छापली तर प्रतिस्पर्धी माणसे पळवतील ही भीती. माणूस मोलाचा आहे हे धन्याला पक्के ठाऊक होते. म्हणूनच तर नाव झाकले!

आपल्याकडे हे खेळ नव्वदीच्या दशकात पोचले ते बहुतांशी स्वस्त नकली यंत्रांतून. दिवाळीच्या सुट्टीत चाळीतल्या एका टीव्हीपुढे दहा पोरे बसत आणि 'आता माझा नंबर' म्हणून भांडत. संगणकवर्गांतून जॉर्डन मेक्नर यांचा 1989 चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळला जाई: साठ मिनिटे, बारा टप्पे. राजपुत्राची ती माणसासारखी धाव मेक्नर यांच्या धाकट्या भावाची होती. त्याला धावताना चित्रित करून एकेक हालचाल गिरवली होती. 2004 साली जपानच्या दाइसुके अमाया यांनी पाच वर्षे एकट्याने खपून 'केव्ह स्टोरी' हा जुन्या वळणाचा खेळ केला आणि जगाला फुकट दिला. वाट फिरून पहिल्या गुहेशी आली म्हणायची!

आणि ती ॲक्टिव्हिजन? नाव आणि वाटा नाकारला म्हणून बंड केलेल्या चौघांची कंपनी पुढे महाकाय झाली. तिच्या मालकीच्या रेव्हन सॉफ्टवेअर या विस्कॉन्सिनमधील शाखेत खेळ तपासणाऱ्या काही कंत्राटी कामगारांना डिसेंबर 2021 मध्ये कामावरून कमी केले. बाकीच्यांनी काम बंद ठेवले. मे 2022 मध्ये मतदान झाले. 19 विरुद्ध 3 मतांनी युनियन मंजूर झाली. 1979 मध्ये बाहेर पडून जे मिळवता आले, ते 2022 मध्ये आत राहून, एकजुटीने मिळवावे लागले. चौघांचा मार्ग चौघांपुरता होता. तपासनीसाला, जुळणी करणाऱ्याला, ज्याच्या खपाचा तक्ता कोणी काढत नाही त्याला, संघटनेवाचून दुसरा मार्ग नाही.

तात्पर्य, नाव मागणे हा अहंकार नव्हे. नाव आले की हिशोब येतो, हिशोब आला की वाटा मागता येतो. आणि वाटा मागता येऊ नये म्हणूनच नाव पुसले जाते. आज खेळ संपल्यावर पडद्यावर शेकडो नावे सरकतात आणि आपली मुले कंटाळून बटण दाबतात. मुलांना खेळू नका असे मी सांगणार नाही. खेळण्याचा हक्क आमच्या पूर्वजांनी झगडून मिळवला आहे. एवढेच सांगेन, की त्यांच्याशेजारी बसा आणि ती नावे सरकताना एकदा तरी शेवटपर्यंत वाचा. रॉबिनेटचे दालन शोधायला ठिपका हुडकावा लागत होता. ही नावे उघड्यावर आहेत. ती वाचण्याची सवय लागली, तर एखाद्या दिवशी मूल विचारील, की कॅसेट जोडणाऱ्या बाईचे नाव यात का नाही?

तो प्रश्न ज्या घरात विचारला जाईल, त्या घरापर्यंत आमची चळवळ पोचली असे मी समजेन.