सकतीसा आहे का?

माझी भाची युनानी शिकते. इल्मुल अदविया, म्हणजे औषधशास्त्राची तिची तोंडी परीक्षा परवावर आलीय. लेखी पेपरची तिला भीती नाही. बाहेरच्या कॉलेजातून आलेला परीक्षक समोर बसणार, टेबलावरची सुकी मुळी उचलून मिजाज विचारणार, मात्रा विचारणार, याची आहे. वरच्या वर्गातल्या मुलींनी कानमंत्र दिलाय : गप्प बसायचं नाही, काहीतरी ठोकून द्यायचं.

"मामू, 'माहीत नाही' म्हटलं की गेलेच मार्क."

मग मी तिला सकतीसाची हकिकत सांगितली. युसूफ लक्वा नावाचा किमयागार खलिफा मामूनला (कारकीर्द 813 ते 833) म्हणाला, औषधविक्रेत्याकडे काहीही मागा, तो नाही म्हणत नाही. मामूनने बगदादच्या दुकानांत माणसं पाठवून 'सकतीसा' मागवलं. सकतीसा हे तिथल्या जवळच्या एका गावाचं नाव! कुणी बिया दिल्या, कुणी दगडाचा तुकडा, कुणी लोकरीचा पुंजका. पैसे सगळ्यांनी घेतले.

पुढे सेनापती अफशीन बाबकविरुद्ध लढत असताना छावणीतल्या औषधविक्रेत्यांची त्याने अशीच परीक्षा घेतली. औषधांशी संबंध नसलेली वीसेक नावं काढून दुकानोदुकानी मागणी केली. "हे ठाऊक नाही" म्हणणाऱ्यांना राहण्याची परवानगी मिळाली, बाकीच्यांची हकालपट्टी झाली. तेराव्या शतकातल्या इब्न अबी उसैबियाने हकिमांच्या चरित्रांत हे लिहिलंय. चारशे वर्षांत गोष्टीला थोडी कल्हई झाली असेलच, पण औषध देणाऱ्याची पारख कशावर करायची, हे त्या लोकांनी ठरवलेलं दिसतं.

हकिमांची पाळी 931 साली आली. चुकीच्या उपचाराने एक रुग्ण दगावल्याचं खलिफा मुक्तदिरच्या कानावर गेलं आणि सिनान इब्न साबितने तपासल्याशिवाय कुणी इलाज करायचा नाही, असा हुकूम निघाला. नामवंत आणि दरबारी हकीम वगळूनही बगदादमध्ये आठशे साठच्या वर लोक परीक्षेला बसले. त्यांत एक रुबाबदार म्हातारा होता. त्याने दिनारांची थैली पुढे ठेवली आणि कबूल केलं : मला धड लिहिता-वाचता येत नाही, पण घरी खाणारी तोंडं आहेत. सिनान हसला. अट घातली, जे कळत नाही त्याला हात लावू नकोस, रक्त काढू नकोस, साध्या दुखण्याशिवाय जुलाब देऊ नकोस. म्हातारा म्हणाला, मी आयुष्यात सिकंजबीन आणि गुलाबाच्या सरबतापुढे गेलोच नाही! सिकंजबीन म्हणजे व्हिनेगर आणि मध. आहारानं भागत असेल तर औषध नको, हे युनानीचं जुनं धोरण या अडाणी माणसाने नकळत पाळलं होतं. दुसऱ्या दिवशी एक तरुण आला. कुणाकडे शिकलास? वडिलांकडे. वडील कोण? कालचे ते म्हातारे. तोही सुटला, त्याच अटीवर.

आपल्या नाशिकला 1998 साली आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं. अॅलोपॅथी, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, सगळ्यांच्या तोंडी परीक्षा आता एकाच छत्राखाली. गुणपत्रिकेत मात्र 'माहीत नाही'ला रकाना कुठेच नाही. परीक्षकाने मनावर घेतलं तर तो एका प्रश्नात ओळखू शकतो, ही मुलगी उद्या रुग्णाला दगडाचा तुकडा देईल की नाही. लेखी पेपरात ते दिसत नाही, म्हणून मला व्हायव्हा हवीच वाटते.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "पण मामू, त्या म्हाताऱ्याने थैली पुढे केलीच ना?"

केली होती. तिथे मला बोलता आलं नाही.