धावपट्टीपलीकडचा रस्ता

पिंपळगाव बसवंतच्या मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट मोजणारा माणूस विमानाच्या आवाजाने मान वर करत नाही. शेजारच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये आला, आणि निफाड तालुक्यातल्या पिढ्या आधी मिगच्या, मग सुखोईच्या गडगडाटात वाढल्या. २७ जून २०१८ ला मात्र सगळ्यांच्याच माना वळल्या. चाचणीसाठी उडालेलं सुखोई पिंपळगावजवळ वावी-ठुशीच्या शिवारात कोसळलं. विमानाचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिक पॅराशूटने खाली उतरले. ४ जून २०२४ ला, लोकसभेची मतमोजणी चालू असताना, याच तालुक्यात शिरसगावला आणखी एक सुखोई पडलं. तिथेही दोघे वैमानिक वाचले.

लढाऊ वैमानिकाच्या दोन पायांमध्ये एक मूठ असते. ती ओढली की खुर्चीसकट माणूस बाहेर फेकला जातो. प्रवासी विमानात तिकीट कितीही महागाचं काढलं तरी अशी मूठ मिळत नाही. तिथे जीव वाचतो तो साध्यासुध्या गोष्टींवर: पट्टा, दार, खुर्चीचं कापड आणि धावपट्टी संपते तिथली जमीन. यातल्या शेवटच्या गोष्टीची किंमत महाराष्ट्राला कळली ती औरंगाबादला.

२६ एप्रिल १९९३. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ दुपारी तिथल्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालं. आत ११८ जण होते. विमान धावत राहिलं, नाक वेळेत उचललं गेलं नाही आणि चाकांनी जमीन सोडली तेव्हा धावपट्टी जवळपास संपली होती. तिच्या टोकापासून चारशेएक फुटांवरून बीडचा रस्ता जातो. त्या क्षणी त्या रस्त्यावर कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला ट्रक होता. विमानाची डावीकडची चाकं आणि इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला. तशाच अवस्थेत ते सुमारे तीन किलोमीटर गेलं, उच्च दाबाच्या विजेच्या तारांना अडकलं आणि जमिनीवर आदळलं. ५५ माणसं गेली, ६३ वाचली. वाचलेल्यांत दोन्ही वैमानिकही होते.

चौकशीत दोन कारणं निघाली. एक, वैमानिकांनी नाक उशिरा उचललं आणि तेही चुकीच्या पद्धतीने. दुसरं, उड्डाणांच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडलं. पहिल्या कारणाची चर्चा नेहमी जास्त होते, कारण त्यात माणूस चुकतो आणि चुकलेला माणूस बोट दाखवायला सोयीचा असतो. खरं तर दुसरं कारण जास्त अस्वस्थ करणारं आहे. कापसाच्या गाठींचा ट्रक म्हणजे मराठवाड्यातलं रोजचं दृश्य; त्यावर माल उंच रचलेला असणार हेही सगळ्यांना ठाऊक. आगगाडी येण्याआधी फाटक पडतं, हे तर शाळकरी पोरालाही माहीत असतं. विमानाच्या वाटेत येणाऱ्या रस्त्याला तेवढीही शिस्त नव्हती. ट्रकवाल्याला दोष द्यायचा तरी कशाचा?

मुंबईत याआधी नशिबाने साथ दिली होती. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझला उतरायचं ते चुकून शेजारच्या जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. एवढ्या मोठ्या जेटला ती धावपट्टी पुरणं शक्यच नव्हतं. विमान पुढे जाऊन कायमचं निकामी झालं, पण माणूस एकही दगावला नाही. जुहूने अशी गंमत आधीही पाहिली होती. १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनीचं एक कॉमेट जेट विमान असंच चुकून तिथे उतरलं आणि काही दिवसांनी तिथूनच उडूनही गेलं.

आदळण्यातून वाचलेल्या माणसाचा पुढचा शत्रू धूर. इंग्लंडात मँचेस्टरला २२ ऑगस्ट १९८५ रोजी एका बोइंग ७३७ च्या इंजिनाने धावपट्टीवरच पेट घेतला. विमान हवेत गेलंच नव्हतं, तरी १३७ पैकी ५५ जण गेले, बहुतेक धुराने. आगीला दाद न देणारी खुर्चीची आवरणं, धुरात दार दाखवणारे जमिनीलगतचे दिवे, दारापाशी जास्त मोकळी जागा या गोष्टींचा आग्रह अशा अपघातांमुळे वाढला. मोठ्या विमानाला परवाना देताना निम्मी दारं बंद ठेवून सगळे ९० सेकंदांत बाहेर पडतात का, हेही दाखवावं लागतं. हवाई सुंदरी हात पसरून दारं दाखवते तेव्हा आपण मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, ती कवायत याच हिशेबातली आहे.

आगीने किती फरक पडतो ते दक्षिणेतल्या दोन अपघातांत दिसतं. दोन्ही विमानं एअर इंडिया एक्स्प्रेसची, दोन्ही बोइंग ७३७-८००, दोन्ही धावपट्ट्या टेकडी सपाट करून बांधलेल्या. २२ मे २०१० ला मंगळूरला विमान धावपट्टीवर फार पुढे टेकलं, दरीत गेलं आणि पेटलं. १६६ पैकी फक्त ८ जण वाचले. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला धो धो पावसात विमान धावपट्टीच्या साधारण मध्यावर टेकलं, टोकावरून खाली गेलं आणि त्याचे तुकडे झाले, पण भडका उडाला नाही. १९० पैकी १६९ जण वाचले. कॅप्टन दीपक साठे, हवाई दलातून आलेले मराठी वैमानिक, आणि त्यांचे सहवैमानिक मात्र गेले. करोनाचे दिवस असूनही आसपासचे गावकरी तशाच पावसात धावले, माणसं बाहेर काढली आणि मग स्वतः विलगीकरणात जाऊन बसले.

अशा घसरलेल्या विमानांसाठी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्या धावपट्टीच्या टोकापलीकडे किमान ९० मीटर मोकळी जागा बंधनकारक आहे. शिफारस २४० मीटरची आहे. कोळिकोडला ही जागा वाढवायची तर भोवतालच्या लोकांच्या घरा-जमिनींना हात लावावा लागणार होता. केरळ सरकारने त्यासाठी साडेचौदा एकर जमीन संपादनाला घेतली, ती अपघातानंतर.