रिले सुटला पाहिजे : रुळांपासून घरगुती सीएनसीपर्यंत

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी दुर्ग सोडते, भिलाई नगर मागे टाकते आणि पॉवर हाऊस स्थानकात शिरते. ती पुढे सरकते तसे तिच्या मागचे सिग्नल लाल होत जातात. हे रोज घडते, म्हणून कोणाला त्याचे नवल वाटत नाही. मात्र त्या लाल दिव्यामागे दीडशे वर्षांपूर्वीचा एक विचार उभा आहे. घरच्या टेबलावर छोटे सीएनसी यंत्र जुळवणाऱ्या विद्यार्थ्याची बोटे तोच विचार आज वाचवू शकतो.

प्रथम शब्दाकडे पाहू. दमलेल्या घोड्यांच्या जागी टप्प्यावर ताजे घोडे जोडायचे, त्या व्यवस्थेला ‘रिले’ म्हणत. आपल्याकडे जासुदांच्या जोड्या पत्रे नेत, तेव्हाची गरजही हीच होती : अंतर वाढले की बळ सरते. 1835 च्या सुमारास अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी हेच विजेच्या बाबतीत साधले. लांबवरून आलेला क्षीण प्रवाह एका विद्युतचुंबकाला जागा करी आणि तो चुंबक जवळच्या, अधिक बलवान मंडलाला चालू-बंद करी. पुढे तारायंत्राने हीच युक्ती उचलली. दुबळ्याने बलवानाला आज्ञा द्यावी आणि दोघांच्या तारा मात्र एकमेकींना शिवू नयेत, हे रिलेचे सारे मर्म.

आता रेल्वे. 1870 च्या सुमारास विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकाने गाडीची चाहूल घेणारे मंडल बांधले. त्याच्या पहिल्या रचनेत गाडी आली की मंडल पूर्ण होई आणि धोक्याचा संकेत मिळे. रचना चालली, पण तिच्यातील उणीव त्याच्या ध्यानात आली. तार तुटली किंवा बॅटरी संपली, तर संकेत मिळणारच नाही आणि ‘मार्ग मोकळा’ असा समज होईल. म्हणून 1872 च्या एकस्वात त्याने सारे उलटे केले. रुळांच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला रिले. मार्ग मोकळा असेतो प्रवाह रुळांतून वाहतो व रिले लागलेला राहतो. गाडी आली की चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, रिलेचा प्रवाह हिरावला जातो, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. तार तुटो, बॅटरी संपो, रूळ भंगो. परिणाम एकच, लाल दिवा. बिघाड झालाच तर तो विश्रांतीच्या बाजूने व्हावा, हा अभियांत्रिकीतील मोठा धडा येथे मिळाला.

या कथेत भिलाईचा वाटा लोखंडाचा आहे. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भारतीय रेल्वेचे रूळ प्रामुख्याने येथेच घडले. डोळ्यांना हा रूळ केवळ भार वाहणारा वाटतो. पण जेथे जेथे असे मंडल आहे, तेथे तो रिलेच्या वेटोळ्याकडे प्रवाह नेणारी तारही असतो.

रिलेची दुसरी वाट गणनेकडे गेली. 1937 मध्ये क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने एमआयटीतील आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की रिलेंच्या जोडण्या बूलच्या बीजगणिताने मांडता येतात. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या ‘मार्क 2’ या रिलेंच्या संगणकात एक पतंग अडकलेला सापडला. तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. दोष शोधणे म्हणजे एकेक संपर्कबिंदू तपासत जाणे, याची ती बोलकी खूण. 1952 मध्ये एमआयटीनेच अंकांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले. जॉन पार्सन्स यांच्या हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामातून ती कल्पना निघाली होती. त्याच्या नियंत्रणाच्या कपाटांत निर्वात नलिका आणि रिले खचाखच भरलेले होते.

ती कपाटे आज तळहाताएवढ्या आर्डुइनोत मावतात. 2009 मध्ये आलेली ‘जीआरबीएल’ ही मुक्त आज्ञावली त्यावर चालते. ‘एम3’ म्हटले की स्पिंडल फिरतो आणि ‘एम5’ म्हटले की थांबतो. पण आर्डुइनोच्या पायाला जेमतेम 20 मिलिअँपिअर भार सुखाने पेलतो आणि 5 व्होल्टच्या छोट्या रिलेच्या वेटोळ्याला सुमारे 70 लागतात. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर हवा. वेटोळ्याचा प्रवाह तुटताच उसळणारे व्होल्ट गिळायला उलटा जोडलेला डायोडही हवा. हेन्री यांचा टप्पा येथे पुन्हा भेटतो : पाय ट्रान्झिस्टरला, ट्रान्झिस्टर रिलेला आणि रिले मोटरला जागवतो.

‘एम3’ देऊनही रिले लागत नसेल, तर बहुधा रिले निर्दोष असतो. जीआरबीएलच्या 1.1 आवृत्तीत स्पिंडलचा 11 क्रमांकाचा पाय वेग सांगणारे स्पंद देतो. ‘एस’चा आकडा शून्य असेल तर स्पंदच निघत नाहीत. मूळ मांडणीत कमाल आकडा 1000 असतो; तेथे 500 दिला तर अर्धाच वेळ व्होल्ट मिळतो, आणि रिले धड लागत नाही, धड सुटतही नाही. रिलेला पूर्ण होकार हवा, म्हणून आज्ञा ‘एम3 एस1000’ अशी द्यावी. स्पिंडल सुरू होताच यंत्राचा संगणकाशी संबंध तुटत असेल, तर मोटरच्या ठिणग्यांचा विद्युतगोंगाट संकेताच्या तारांत शिरलेला असतो. मोटरच्या तारा दूर न्याव्यात आणि रिलेला वेगळा वीजपुरवठा द्यावा.

खरा धोका मात्र उलट्या बाजूला आहे. बाजारातील कित्येक रिले-फलक शून्य व्होल्टला लागतात. जीआरबीएल विश्रांतीत पायावर शून्यच ठेवते. परिणामी यंत्राला वीज देताच स्पिंडल गरगरू लागतो. यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे मोटरची तार ‘एनओ’ टोकावरून ‘एनसी’ टोकावर हलवणे. यंत्र लगेच शहाण्यासारखे वागू लागते. पण आता रिलेच्या पुरवठ्याची एक तार निसटली, तर रिले सुटेल आणि स्पिंडल आपोआप सुरू होईल. कदाचित नेमका तेव्हाच कोणी हत्यार बदलत असेल. रॉबिन्सनने 1872 मध्ये टाकून दिलेली चूक आपण पुन्हा घरात आणलेली असते. योग्य मार्ग एकच : 5 व्होल्टला लागणारा फलक घ्यावा आणि तार ‘एनओ’वरच ठेवावी.

आणखी एक सावधगिरी. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि छोट्या रिलेचे संपर्कबिंदू वितळून चिकटू शकतात. मग ‘एम5’ व्यर्थ जातो. रेल्वेच्या क्यू मालिकेतील रिलेंत एका बाजूचा बिंदू कार्बनयुक्त असतो, कारण कार्बन धातूला चिकटत नाही. आपल्या छोट्या रिलेत ती सोय नाही. म्हणून मोठ्या मोटरला कॉन्टॅक्टर बसवावा. लाल आपत्कालीन बटण फलकाला विनंती करणारे नसावे. त्याने मोटरची वीजच तोडली पाहिजे.

वर्गात आपण रिले ‘लागतो’ कसा, हे शिकतो. पॉवर हाऊसच्या फलाटावरून दिसणारा लाल दिवा दुसरा प्रश्न विचारतो : तो सुटला, तर काय होईल? आपल्या यंत्राची पहिली तार जोडण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून पाहा.