वस्तू, माणूस, कार्यक्रम : करारातलं 'मूल्यमापनाचं कलम' कसं वाचायचं?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळांची आणि ग्रामपंचायतींची संगणक-प्रोजेक्टरची कामं करताना माझ्या हातात करारनामे बरेच येतात. बहुतेक जण त्यात दोनच गोष्टी बघतात : रक्कम किती आणि सही कुठे करायची. पण भांडण होतं तेव्हा ते रकमेवरून होत नाही. "वस्तू नीट चालते की नाही", "बाईंचं काम समाधानकारक आहे की नाही", "कार्यक्रमानं मुलं शिकली की नाही" यावरून होतं. आणि याचं उत्तर कोण देणार, हे करारातल्या एका छोट्या कलमानं आधीच ठरवलेलं असतं. आजच्या लेखात आपण तेच कलम समजून घेऊ.

मूल्यमापनाचं कलम म्हणजे नेमकं काय?

कराराच्या शेवटी 'स्वीकृती', 'परिविक्षा', 'कामगिरी आढावा', 'संनियंत्रण व मूल्यमापन' अशा नावांखाली हे कलम लपलेलं असतं. नाव काहीही असो, त्याला पाच प्रश्न विचारायचे :

१. तपासणार कोण? विकणारा, घेणारा की तिसरा कोणी?
२. कशावर तपासणार? माप काय?
३. कधी आणि कुठे? कंपनीच्या ऑफिसात की आपल्या पाड्यावर?
४. नोंद कुठे होणार आणि तिची प्रत कोणाला मिळणार?
५. निकाल वाईट आला तर पुढे काय?

पाचांपैकी एकाचंही उत्तर करारात नसेल, तर ते उत्तर पुढे ज्याची बाजू वजनदार तो ठरवतो. डोळखांब किंवा टोकावड्याच्या बाजूच्या शाळेची बाजू सहसा वजनदार नसते. म्हणूनच लेखी हवं.

१) वस्तूंचं मूल्यमापन : पोच वेगळी, स्वीकृती वेगळी

शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली. आता आपल्या भागातल्या बऱ्याच शाळांत टॅब, स्मार्ट बोर्ड, प्रोजेक्टर असं काही ना काही येतं. खोकं टेम्पोतून उतरतं, ड्रायव्हर कागद पुढे करतो आणि त्यावर छापलेलं असतं : 'माल चांगल्या व चालू स्थितीत मिळाला.' त्या वेळी कधी वीज गेलेली असते, कधी खोकं उघडलेलंच नसतं.

इथे मालविक्री अधिनियम, १९३० कामाला येतो. त्यातली चार कलमं लक्षात ठेवा :

- कलम ४१ : आधी न पाहिलेला माल आला, तर तो तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तुम्ही तो स्वीकारला असं धरलं जात नाही. तुम्ही मागितल्यास ही संधी विक्रेत्यानं द्यायची असते.
- कलम ४२ : स्वीकारल्याचं कळवलंत, मालकासारखा वापर सुरू केलात किंवा वाजवी मुदत उलटूनही नकार न कळवता माल ठेवून घेतलात, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. म्हणजे गप्प बसणं हीसुद्धा संमतीच.
- कलम ४३ : नाकारलेला माल तुम्ही स्वतः परत पोचवायला बांधील नसता (वेगळं ठरलं नसेल तर). नाकारल्याचं कळवलं तरी पुरे.
- कलम २४ : 'पसंत पडल्यास घ्या' म्हणून दिलेला माल ठरलेली मुदत संपेपर्यंत नाकारल्याचं कळवलं नाही, तर तो तुमचा झाला. 'एक महिना फुकट वापरून बघा' असं कोणी म्हणालं, तर शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सरकारी ई-मार्केटप्लेस म्हणजे 'जेम' पोर्टलवरच्या खरेदीत हा फरक सरळ दिसतो. आधी माल आल्याची तात्पुरती पोच आणि मग तपासून १० दिवसांच्या आत स्वीकृती प्रमाणपत्र. पैसे निघतात ते दुसऱ्या कागदावर. त्यामुळे खोकं 'सुट्टीनंतर बघू' म्हणून कपाटात ठेवायचं नाही.

'कुठे तपासणार' हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात, पण त्याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो. विजेचं आणि नेटवर्कचंही तसंच : नकाशावर आहे, खोलीत असेलच असं नाही. म्हणून 'योग्य वीजपुरवठा व इंटरनेट असल्यास' हे शब्द करारात दिसले की थांबा. या चार-पाच शब्दांनी अख्खी वॉरंटी निकामी होऊ शकते. 'ऑन-साइट सेवा' म्हणजे माणूस शाळेत येणार, की आपण मशीन कल्याणला नेऊन द्यायचं, तेही लिहून घ्या.

मापाचं महत्त्व सांगायला मुरबाड तालुक्यातलं धसई हे चांगलं उदाहरण आहे. नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ रोजी हे गाव राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदानं दुकानदारांना कार्ड घासायची यंत्रं दिली. पुढे तिथे रोख पुन्हा वापरात आल्याच्या बातम्याही आल्या. यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की यंत्रं किती बसली हे पहिल्या दिवशी मोजता येतं. पण सहाव्या महिन्यात त्यावर किती व्यवहार होतात, रेंज गेल्यावर दुकानदार काय करतो आणि यंत्राचं भाडं त्याला परवडतं का, हे मोजल्याशिवाय 'यशस्वी' म्हणता येत नाही. करारात पहिलं माप लिहिलेलं असेल, तर दुसरं कोणी मोजतच नाही.

करारात टाकता येईल असा मजकूर :

> माल मिळाल्याची पोच म्हणजे मालाची स्वीकृती नव्हे. बसवणी पूर्ण झाल्यापासून ३० दिवस माल शाळेच्या खोलीत, शाळेच्या वीज व इंटरनेट जोडणीवर, रोजच्या वापरात तपासला जाईल. दोष लेखी कळवल्यापासून ७ दिवसांत दुरुस्त न झाल्यास शाळा माल नाकारू शकेल.

(जेमवरची खरेदी असेल तर तिथली मुदतच पाळावी लागते. हा मजकूर थेट खरेदीसाठी किंवा देणगीदारासोबतच्या करारासाठी.)

२) माणसांचं मूल्यमापन : 'समाधानकारक नाही' एवढं पुरतं का?

खाजगी शाळेत लागलेल्या शिक्षकांच्या नेमणूकपत्रात एक ओळ हमखास असते : 'काम समाधानकारक न वाटल्यास सेवा समाप्त करण्यात येईल.' ही ओळ वाचून अनेक जण समजतात, की संस्थाचालकांच्या मनात आलं की झालं. तसं नाही.

खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन अधिनियम आहे. त्यात कायम जागेवरच्या नेमणुकीला दोन वर्षांची परिविक्षा असते, शिक्षणसेवकांना तीन वर्षं. काम किंवा वर्तन समाधानकारक नसेल, तर कलम ५ नुसार एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन सेवा संपवता येते. पण १९८१ च्या नियमावलीतला नियम १५ सांगतो, की परिविक्षेतल्या कर्मचाऱ्याच्या कामाचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन मुख्याध्यापकांनी करायचं आणि त्याची नोंद ठेवायची. पुण्यातल्या एका संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये हे कलम आणि हा नियम एकत्र वाचायला हवेत असं सांगितलं. थोडक्यात, मत असून चालत नाही, मतामागे कागद लागतो.

हा कायदा जिल्हा परिषद शाळांना लागू नाही. आश्रमशाळांतले रोजंदारी-तासिका शिक्षक, एजन्सीमार्फत लागलेले ऑपरेटर यांच्या हातात बहुतेकदा फक्त करारच असतो. एजन्सीच्या करारात एक त्रिकोण तयार होतो : काम बघतो ग्रामसेवक किंवा मुख्याध्यापक, पगार देते एजन्सी आणि लक्ष्य ठरवतं तिसरंच ऑफिस. जो काम बघतो त्याच्या शेऱ्याला करारात जागा नसेल, तर सर्व्हर बंद असल्यामुळे न झालेल्या नोंदीही कर्मचाऱ्याच्याच नावावर पडतात.

म्हणून एवढं मागून घ्या :

> कामाचा आढावा दर तीन महिन्यांनी लेखी घेतला जाईल व त्याची प्रत कर्मचाऱ्यास मिळेल. प्रतिकूल शेऱ्यावर १५ दिवसांत म्हणणे मांडण्याची संधी राहील. वीज, नेटवर्क किंवा पोर्टल बंद असल्याने न झालेले काम कमी कामगिरी म्हणून धरले जाणार नाही.

एजन्सीनं हे मानलं नाही, तरी स्वतःची वही ठेवा : तारीख, काय काम झालं, काय अडलं. पोर्टल बंद होतं त्या दिवसाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा. महिन्यानंतर तो काढता येत नाही.

३) शैक्षणिक कार्यक्रमांचं मूल्यमापन : पैसे कशाचे, येण्याचे की शिकण्याचे?

संस्था किंवा कंपनी शाळांसोबत सामंजस्य करार करते : वाचन उपक्रम, टॅबवर गणित, शिक्षक प्रशिक्षण. वर्षाअखेर चकचकीत अहवाल येतो : इतक्या शाळा, इतके टॅब, इतकी प्रशिक्षणं. पण हे केलेल्या कामाचं मोजमाप झालं. मूल वाचायला लागलं का, हा प्रश्न तसाच राहतो.

चांगल्या कलमाचा नमुना राजस्थानात सापडतो. भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ या काळात 'एज्युकेट गर्ल्स' या संस्थेचा कार्यक्रम निकालावर पैसे देण्याच्या करारावर चालला. आधी पैसे घालणारं फाउंडेशन वेगळं, निकाल आल्यावर ते परत करणारं फाउंडेशन वेगळं आणि मोजणारी 'आयडीइनसाइट' ही संस्था तिसरीच. माप दोनच : ८० टक्के वजन मुलांच्या शिकण्याला आणि २० टक्के शाळेबाहेरच्या मुलींच्या पटनोंदणीला. चाचणी 'असर'ची, म्हणजे सोपा मजकूर वाचणं, अंक ओळखणं, वजाबाकी-भागाकार. तीन वर्षांच्या शेवटी शिकण्याचं लक्ष्य १६० टक्के आणि पटनोंदणीचं ११६ टक्के पूर्ण झालं. आकड्यांपेक्षा महत्त्वाचं हे, की कार्यक्रम राबवणारा स्वतःच्या पाठीवर स्वतः थाप मारू शकत नव्हता.

आपल्या शाळेला एवढा मोठा करार करायची गरज नाही. तीन ओळी पुरतात : सुरुवातीला एक चाचणी, शेवटी तीच चाचणी आणि ती घेणारा माणूस कार्यक्रमाबाहेरचा. त्यात आणखी दोन गोष्टी जोडा. भात लावणीच्या दिवसांत किंवा वीटभट्टीवर घरच्यांसोबत मुलं गेलेली असतात तेव्हा चाचणी ठेवू नये, आणि गैरहजर मुलांची संख्या अहवालात दाखवावी. नाहीतर राहिलेल्या मुलांची सरासरी छान दिसते आणि गेलेली मुलं हिशेबातूनही जातात.

मुलांच्या गुणांचा डेटा कोणाकडे राहणार, हेही लिहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक. तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा मूळ नियम आहे.

४) 'मत मांडायचं नाही' असं कलम असेल तर?

काही सॉफ्टवेअर करारांत लिहिलेलं असतं, की चाचणीचे निकाल कंपनीच्या परवानगीशिवाय जाहीर करायचे नाहीत. याला 'डेविट कलम' म्हणतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतले प्राध्यापक डेविड डेविट यांनी डेटाबेसच्या वेगाची तुलना प्रसिद्ध केली. त्यात ओरॅकलचा निकाल चांगला नव्हता. त्यानंतर अशी कलमं रुजली. ग्राहकाला रिव्ह्यू लिहायला बंदी करणारी छापील कलमं अमेरिकेनं २०१६ च्या कायद्यानं रद्दबातल ठरवली. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही कल्पना आली आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे तक्रार करता येते.

शाळेसाठी व्यवहारातला तोडगा सोपा आहे : 'शाळा आपला वापराचा अनुभव शिक्षण विभागाला, शाळा व्यवस्थापन समितीला व इतर शाळांना सांगू शकेल' ही ओळ टाका. एका पाड्यावर फसलेली वस्तू शेजारच्या पाड्यावर पुन्हा विकली जाऊ नये, यासाठी ती लागते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*करार इंग्रजीत आहे, आम्ही मराठी प्रत मागू शकतो का?* मागा. पण वाद झाल्यास कोणती प्रत ग्राह्य, ते दोन्हींत लिहून घ्या.

*पालकांना यात काही अधिकार आहे का?* हो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि शाळेच्या कामावर व अनुदानाच्या वापरावर देखरेख हे समितीचं कामच आहे.

*करार झाला, पण प्रत आमच्याकडे नाही. काय करू?* सरकारी कार्यालयानं केलेला करार माहिती अधिकारात मागता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत साधारण ३० दिवस.

*वाद झाल्यास 'फक्त बेंगळुरू न्यायालय' असं लिहिलंय. चालेल का?* सही करण्याआधी बदलून घ्या, ठाणे जिल्हा लिहा. तीस हजारांच्या प्रोजेक्टरसाठी किन्हवलीहून बेंगळुरूला कोणी जात नाही, आणि लिहिणाऱ्याला ते माहीत असतं.

पुढच्या वेळी करार हातात आला की रकमेच्या आधी हे कलम शोधा, पाच प्रश्नांची उत्तरं पेन्सिलीनं समासात लिहा आणि जिथे जागा रिकामी राहील तिथे सही थांबवा. मोठा किंवा वादाचा करार असेल, तर तालुक्याच्या कोर्टातल्या वकिलांना एकदा नक्की दाखवा.