डफरीन, लेडी हार्डिंग आणि बिननावाची सुईण

माझ्या आजीची सगळी बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातानं झाली. आईचं मात्र ‘डफरीन’ला. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक आजही याच नावानं ओळखतात. अकोल्यातलं ‘लेडी हार्डिंग’. दोन्ही नावं व्हाइसरॉयांच्या पत्नींची. सुईणीचं नाव विचारलं तर आजी म्हणते, “सुईणबाईच म्हनो आमी तिले.”

१८८५ मध्ये लेडी डफरीन यांच्या पुढाकारानं स्त्रियांच्या उपचारांसाठी निधी उभा राहिला. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी देशी दायांच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी काढला. त्या काळच्या सरकारी लिखाणात दाई बहुधा अडाणी, अस्वच्छ अशीच दिसते. पण लिहिणारे कोण, हे आधी बघा. डॉक्टर आणि अधिकारी. दाईची बाजू तिथं नाही.

आता व्हिएन्नाचं उदाहरण घेऊ. १८४६ मध्ये तिथल्या एकाच रुग्णालयात डॉक्टर-विद्यार्थ्यांच्या विभागात सुमारे ११.४ टक्के बाळंतिणी दगावल्या, सुईणींच्या विभागात २.८ टक्के. कोणत्या विभागात जायचं हे दाखल होण्याच्या दिवसावर ठरायचं, म्हणून तुलना बरीचशी रास्त होती. सेमेलवाइसनं कारण शोधलं: शवविच्छेदन करून न धुतलेले हात. म्हणजे दोष पदवीचा नव्हता की सुईणपणाचा नव्हता, हातांचा होता.

आपल्याकडे अशी तुलना सोपी नाही. अडलेली बाई शेवटी दवाखान्यातच पोचते, त्यामुळे तिथले मृत्यू जास्त दिसू शकतात. उलट, घरी रक्तस्राव थांबला नाही तर सुईणीचा अनुभव पुरत नाही. रक्त, औषधं आणि वाहन लागतं. पावसाळ्यात मेळघाटातल्या पाड्यावरून धारणी गाठायचं म्हणजे काय, ते तिथल्यांना विचारा.

२००५ च्या जननी सुरक्षा योजनेनं दवाखान्यातल्या बाळंतपणावर भर दिला. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं सुईण-सेवेची मार्गदर्शक तत्त्वं आणली: १८ महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका, सुईणींनी चालवायचे विभाग. सुईण परत आली, पण रुग्णालयाच्या आवारात, आणि आजीची सुईणबाई त्यात बसत नाही.

म्हणून ‘घर की दवाखाना?’ हा संशोधनप्रश्न मला अपुरा वाटतो. बाई कोणाच्या हाती आहे, अडचण आली तर पुढची सोय काय, आणि तिला कुणी विचारलं का, हे तीन प्रश्न घ्या. तिसऱ्याचं उत्तर दप्तरात फारसं मिळणार नाही. गावातल्या म्हाताऱ्या बायांकडे मिळेल. फक्त लवकर जा.