रक्ताच्या खुणांवरून मनाचा माग
इटलीतल्या तुरीन शहरात आंजेलो मोस्सो या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास एका शेतकऱ्याच्या मेंदूची स्पंदने नोंदवली. डोक्याला झालेल्या जखमेमुळे त्याच्या कवटीला भोक पडले होते आणि आतली धडधड बाहेरून मोजता येत होती. चर्चची घंटा झाली की स्पंदने वाढत, मनातल्या मनात गणित करायला सांगितले तरी वाढत. हाताच्या नाडीत मात्र तेव्हा तसा बदल नसे. पुढे मोस्सोने माणसाला आडवे निजवता येईल एवढा मोठा तराजू केला. विचार करताना डोक्याकडे रक्त धावत असेल, तर ती बाजू झुकली पाहिजे, हा त्याचा हिशेब. श्वासाच्या हालचालीनेही झुकणाऱ्या त्या तराजूवर फार विसंबता येत नाही, पण मनाचा माग रक्तावरून काढण्याची वाट तिथेच सुरू झाली. माझे म्हणणे असे, की आजचे स्कॅनरही त्याच वाटेवर आहेत: त्यांना मेंदूच्या कामाची शारीरिक खूण दिसते, आणि त्या खुणेला अर्थ येतो तो शास्त्रज्ञाने आखलेल्या प्रयोगामुळे.

ही वाट सरळ नव्हती. १८९० मध्ये रॉय आणि शेरिंग्टन यांनी मांडले, की मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथला रक्तपुरवठा आपोआप वाढतो. काही वर्षांतच लिओनार्ड हिल यांनी असा संबंध सापडत नसल्याचे सांगितले आणि त्यांच्या अधिकारापुढे ही कल्पना बराच काळ मागे पडली. तिला पुन्हा बळ मिळाले ते एका रुग्णामुळे. जॉन फुल्टन यांनी १९२८ मध्ये त्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, दृष्टीचे काम जिथे चालते तिथे, रक्तवाहिन्यांचा विकृत गुंता होता, आणि त्यातून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू येई. तो वाचू लागला की आवाज वाढे. फुल्टननी तो ऐकला, नोंदवला आणि वासाच्या कामाने तो वाढत नाही हेही तपासले. या शेवटच्या तपासणीला मी फार महत्त्व देतो. वाचताना आवाज वाढतो, एवढ्यावर कोणीही म्हणाले असते की मेहनत केली की रक्त वाढते. दुसऱ्या इंद्रियाला काम देऊन पाहिले, म्हणूनच त्या आवाजाचा दृष्टीशी संबंध जोडता आला.

पुढची यंत्रे भराभर आली. १९७१ मध्ये लंडनजवळच्या विम्बल्डन इथल्या रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सीटी स्कॅनरने पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले. कवटी न उघडता गाठ दिसू लागली. पण ती मेंदूची रचना होती, त्याचे काम नव्हे. काम दिसण्याची किल्ली रक्तातच होती. ऑक्सिजन असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन चुंबकाजवळ वेगवेगळे वागते, हे पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवले होते. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी त्याच फरकावरून एमआरआयमध्ये मेंदूचे काम टिपता येते हे उंदरांवर सिद्ध केले आणि दोन वर्षांत माणसांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. मात्र रक्ताचा हा प्रतिसाद चेतापेशींच्या कामानंतर पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोहोचतो, आणि चित्रातल्या एका ठिपक्यात लाखो पेशी सामावलेल्या असतात.

यावर कोणी म्हणेल, की मग हे सारे कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगण्यासारखेच झाले. आक्षेप पोकळ नाही. २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेल्या सामन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांची छायाचित्रे दाखवली. हजारो ठिपक्यांची तुलना करताना संख्याशास्त्राची आवश्यक दुरुस्ती केली नाही, तर त्या मृत मेंदूतही ‘क्रिया’ दिसत होती. पण ती चूक विश्लेषणाची होती आणि विज्ञानानेच ती उघडी पाडली. दुसरीकडे २००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी बाह्य जगाला कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या एका स्त्रीला टेनिस खेळण्याची आणि घरात फिरण्याची कल्पना करायला सांगितले. दोन्ही वेळी तिच्या मेंदूचे वेगवेगळे भाग निरोगी माणसांसारखेच जागे झाले. वैद्यांनी जिला जाणीवहीन ठरवले होते, तिला सूचना कळत होती. कवटी चाचपून हे कधीच कळले नसते. इथेही बळ आले ते फुल्टनच्याच रीतीतून: दोन वेगळी कामे आणि त्यांची तुलना.

यंत्रे आणखी सूक्ष्म झाली की मन थेट वाचता येईल, ही आशाही मला पटत नाही. भीतीत जागा होणारा भाग नवलाईने आणि आनंदानेही जागा होतो; ठिपका कितीही बारीक केला तरी त्यावरून उलट दिशेने भावना ठरवण्याचा धोका राहतोच. ही घाई महाराष्ट्रात न्यायालयापर्यंत पोहोचली. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा निष्कर्ष पुराव्यात धरून शिक्षा झाली. ती चाचणी रक्तावर नव्हे तर विजेवर आधारलेली होती, पण खुणेवरून आठवण वाचल्याचा दावा तोच. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात संमतीशिवाय अशा चाचण्या घेणे घटनाबाह्य ठरवले.